दोन वर्षांनी वावरात जाताना

भाऊ, वावरातलं कुत्रं तुला विसरलं असेल म्हणून जीव जाळू नको. डार्विन पाच वर्षं दोन दिवसांनी घरी परतला, त्यानं हाक मारली, तर कुत्रा अर्ध्या तासापूर्वीच भेटल्यासारखा मुकाट मागं चालू लागला. तुझी तर दोनच वर्षं झाली.

फक्त गाडीवरून उतरून थेट अंगावर जाऊ नको. त्याची खरी ओळख नाकात. हेल्मेट, दाढी अन् पुण्याचा सेंट घेऊन गेलास तर भुंकणारच. वारा तुझ्याकडून त्याच्याकडे वाहील असा धुऱ्यावर उकिडवा बस, जुन्या नावानं हाक मार. आमचा वाघ्या सालभरानं पऱ्हाटीतून गुरगुरतच आला, दुपट्टा हुंगला, अन् आनंदानं तिथंच मुतला. (माझ्या पायावर.)

शेपूट नाही हलली तरी रुसू नको. भाकर आता सालदार टाकतो, पहिले त्याच्याकडेच पळेल.