आधी ठिपका शोधा, मग हात लावा

प्रश्न: कासच्या पठारावरच्या फोटोंत आकाशात करडे ठिपके आलेत. लेन्स पुसली तरी जात नाहीत. (सातारा)

लेन्सवरची धूळ सहसा अशी उमटत नाही, सेन्सर (लेन्सच्या मागे प्रतिमा टिपणारा भाग) तपासा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100 ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो एफ/22 ला (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, लहान) आणि एक एफ/4 ला (छिद्र मोठं) काढा. पहिल्यात ठिपके ठळक, दुसऱ्यात जवळजवळ गायब, तर ती धूळच. ती सेन्सरवरच्या काचेच्या फिल्टरवर बसते आणि अ‍ॅपर्चर लहान केलं की तिची सावली रेखीव पडते. अ‍ॅपर्चर बदलूनही तसाच राहणारा लाल किंवा पांढरा बिंदू म्हणजे हॉट पिक्सेल, सेन्सरचाच बिघडलेला बिंदू. तो पुसून जाणार नाही. लेन्स प्रतिमा उलटी पाडते, म्हणून फोटोत वर दिसणारा ठिपका समोरून पाहताना सेन्सरच्या खालच्या भागात शोधा. डावी बाजू मात्र डावीच राहते.

प्रश्न: सफाई घरी करावी का? (नाशिक)

ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) जरूर करा. बहुतेक सुटी धूळ तेवढ्यानेच जाते. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि मेनूतून आरसा वर लॉक करा. मध्येच बॅटरी संपली तर आरसा आणि शटर खाली येतात. ब्लोअरचे पहिले दोन-चार फवारे बाहेरच मारा, त्यातली धूळ निघून जाऊ द्या. मग कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरून हवा मारा. नळीचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आत नेऊ नका. तोंडाने फुंकर कधीच नको, थुंकीचे तुषार उडतात. दाबाने भरलेल्या हवेचा डबाही नको. त्यातलं द्रव काचेवर सांडतं.

प्रश्न: ब्लोअर मारूनही दोन ठिपके तसेच आहेत. (ठाणे)

मग चिकट धूळ किंवा तेलाचा थेंब असेल. त्याला ओला स्वॅब (सेन्सर पुसायची सपाट टोकाची काडी) लागतो. फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) 24 मिमी रुंदीचा, एपीएस-सीला (त्याहून लहान सेन्सरला) 16 मिमीचा. सेन्सर-सफाईचं द्रव दोनच थेंब, तेही स्वॅबच्या टोकावर. हलक्या हाताने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदा न्या, स्वॅब उलटा करून एकदा परत आणा आणि टाकून द्या. काटकसर म्हणून तोच पुन्हा वापरलात तर उचललेला कण काचेवर घासला जाईल आणि ओरखडा कायमचा राहील. कान साफ करायच्या काड्या, चष्म्याचं द्रव यांना इथे थारा नको. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) असेल तर सेन्सर हलता असतो. आधी मॅन्युअल वाचा. हात थरथरत असेल तर सर्व्हिस सेंटरला द्या, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये डाग दिसतो, फोटोत नाही. (पणजी)

तो फोकसिंग स्क्रीनवर (व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जिच्यावर पडतं त्या काचेवर) किंवा आरशावर आहे. पुसू नका, दोन्ही फार नाजूक असतात.

प्रश्न: सोमवती अमावास्येला जेजुरीत फोटो काढायचे आहेत. भंडाऱ्यापासून कॅमेरा कसा वाचवू? (पुणे)

तिथे लेन्स बदलूच नका. हळदीची पूड फार बारीक असते, हवेत तरंगत राहते. एकच लेन्स लावून जा. शक्य असेल तर प्राइम (झूम नसलेली), कारण पुढे लांब होणारा झूम प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढतो. घरी आल्यावर लेन्स काढण्याआधी बॉडी, विशेषतः माउंटभोवतीची फट, मऊ ब्रशने झाडा. लेन्सचं मागचं झाकणही साफ करा. आत जाणारी बरीच धूळ त्याच झाकणातून येते आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.