वाचकांचे प्रश्न : हुकूम कोणी कोणाचा मानायचा?

प्रश्न : बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने आमच्याकडे फौजेच्या गोष्टी नेहमीच निघतात. अमेरिकी सैन्यात १८७७ पासून कृष्णवर्णीय अधिकारी होते, असे वाचनात आले. मग तेथे काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी एक होण्यास १९४८ का उजाडावे लागले?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : १८७७ हे साल आपण बरोबर दिले आहे. गुलामगिरीत जन्मलेले हेन्री फ्लिपर १८७७ साली वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडले. पुढे अपहाराच्या आरोपातून ते सुटले, तरी अधिकाऱ्यास न शोभणाऱ्या वर्तनाचा ठपका ठेवून १८८२ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले.

कृष्णवर्णीय शिपाई सैन्याला हवेच होते आणि नववी व दहावी घोडदळ रेजिमेंट त्यांच्यावरच चालत असे. नको होता तो गोऱ्यांवर हुकूम चालवणारा कृष्णवर्णीय साहेब. कृष्णवर्णीय अधिकारी चार्ल्स यंग यांचे प्रकरण याचा उघड पुरावा आहे. त्यांच्या हाताखाली काम करावे लागते, ही दक्षिणेकडील एका गोऱ्या लेफ्टनंटची तक्रार थेट राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यापर्यंत गेली आणि १९१७ मध्ये, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरलेली असताना, रक्तदाबाचे कारण दाखवून यंग यांना निवृत्त करण्यात आले. आपण धडधाकट आहोत हे दाखवण्यासाठी हा पन्नाशी ओलांडलेला अधिकारी १९१८ मध्ये ओहायोतून वॉशिंग्टनपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर घोड्यावरून गेला. त्यांना पुन्हा रुजू करून घेतले, ते युद्ध संपण्यास जेमतेम पाच दिवस उरले असताना!

आपल्या भागाला हे अगदीच परके वाटू नये. विशिष्ट जातीच लढाऊ, असे ठरवून इंग्रजांनी १८९२ मध्ये महारांची भरती बंद केली होती, डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ मध्ये उभी राहिली, ती बेळगावातच.

अमेरिकेत पुढेही तेच चालले. कृष्णवर्णीय अधिकाऱ्याचे पुत्र धाकटे बेंजामिन डेव्हिस वेस्ट पॉइंटला होते, तेव्हा चार वर्षे सहाध्यायांनी कामापुरते सोडून त्यांच्याशी बोलणे टाकले होते. खोलीत त्यांना जोडीदार नव्हता आणि जेवणही एकट्यानेच होई. १९३६ मध्ये ते उत्तीर्ण झाले; वडील १९४० मध्ये पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले आणि दुसऱ्या महायुद्धात स्वतः धाकट्या डेव्हिसांनी टस्कीगी येथे तयार झालेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचे नेतृत्व केले. ती तुकडीही वेगळीच ठेवलेली होती.

कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी सक्तीच्या भरतीवर बहिष्काराचा इशारा दिल्यावर, आणि निवडणूक जवळ आलेली असताना, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी समान वागणुकीचा आदेश काढला. त्यात पलटणी मोडण्याचा स्पष्ट उल्लेख नव्हता, त्यामुळे भूदलाने बराच काळ चालढकल केली. खरी निकड कोरियाच्या युद्धात निर्माण झाली : जीवितहानीमुळे गोऱ्या पलटणींत माणसे कमी पडू लागली, तेव्हा सेनानींना रिकाम्या जागी कृष्णवर्णीय सैनिक घ्यावे लागले. अखेरची स्वतंत्र कृष्णवर्णीय तुकडी मोडली गेली ती १९५४ मध्ये.