खलाद्येत्स थिजत नाही? जिलेटिनची पुडी नको, पाये घाला

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा रशियातून एमबीबीएस करून आलाय, थर्टी-फर्स्टला तिथल्या मित्रांना घरी बोलावलंय आणि त्याला टेबलावर खलाद्येत्स, म्हणजे मांस घालून थिजवलेल्या रसाच्या थंड वड्या, हवाय. तुम्ही बोनलेस पोर्क कुकरला लावलं, त्या पाण्यात जिलेटिनची पुडी विरघळवली. रस गढूळ झाला, घरभर वास सुटला आणि वड्या ताटात येईपर्यंत पाणी व्हायला लागल्या. जिलेटिनऐवजी चायना ग्रास चालेल का आणि पोर्क न खाणाऱ्यांसाठी कोंबडीचा होईल का, असंही विचारलंय. मी रशियातल्या व्होरोनेझला काही वर्षं होतो, तिथे शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ शिकलो आणि पुण्यात दर हिवाळ्यात करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गडबड बोनलेसपासून सुरू झाली. खलाद्येत्स थिजतो तो कातडी, सांधे आणि शिरांमुळे. त्यातलं कोलॅजेन (एक चिवट प्रथिन) मंद आचेवर तासन्‌तास शिजलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. आपल्याकडे पायाचा रस्सा रात्री फ्रिजमध्ये राहिला की सकाळी पातेलं उपडं केलं तरी हलत नाही. ती हीच क्रिया. नुसत्या मांसात हा ऐवज फार थोडा असतो, म्हणून तुम्हाला पुडीचा आधार घ्यावा लागला. जिलेटिन घालून करायचा रशियन पदार्थ वेगळा आहे, त्याला झालिव्नोये म्हणतात. माशाचे किंवा जिभेचे नेटके तुकडे, वर गाजराची फुलं आणि काचेसारखा नितळ रस. त्याच्यावर फ्रेंच खानसाम्यांची छाप आहे. खलाद्येत्स हा घरचा, गावाकडचा पदार्थ. नाताळाच्या आधी डुक्कर कापलं की डोकं, पाय, कान वाया जाऊ नयेत म्हणून केला जाणारा. पीटर्सबर्गकडे ह्यालाच स्तूदेन म्हणतात आणि तिथे बीफचं प्रमाण जास्त असतं. मित्रांपैकी कोणी तो शब्द वापरला तर गोंधळू नका.

आता काय आणायचं. आठ-दहा माणसांसाठी डुकराचे दोन पाये (मिळून साधारण एक किलो), कातडी आणि हाडासकट एक नळीचा तुकडा, म्हणजे गुडघ्याच्या वरचा मांसल भाग, सव्वा किलोचा, आणि अर्धा गावठी कोंबडा. रशियात तिसरा घटक बहुतेक वेळा बीफच्या पायाचा असतो. महाराष्ट्रात तो सोडून द्या, कोंबड्याने चव उत्तम येते. कोंबडा वयाने मोठा, चिवट बघून घ्या. ब्रॉयलर दोन तासांत विरून जातो आणि रसाला काही देत नाही. पाये दुकानातूनच उभे चिरून आणा आणि शक्यतो करवतीने. कोयत्याने तोडले की हाडांचे बारीक कण सुटतात आणि ते पुढे दाताखाली येतात. गोव्यात कोणी जाणार असेल तर तिथे पाये स्वच्छ केलेले मिळायला अडचण येत नाही.

वासाचं उत्तर ह्या पुढच्या दोन कामांत आहे आणि तिथे घाई करू नका. आधी पाये गॅसच्या ज्योतीवर सगळ्या बाजूंनी फिरवून भाजा. उरलेले केस जळतात, कातडी किंचित तांबूस होते. मग सुरीच्या पात्याने खरवडा, खुरांच्या बेचक्यात जुन्या टूथब्रशने घासा. पाण्यात घातलेला पाय पांढराफटक, गुळगुळीत दिसला पाहिजे. त्यानंतर सगळं मांस (कोंबडा सोडून) थंड पाण्यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि मध्ये एक-दोनदा पाणी बदला. पहिलं पाणी गुलाबी निघतं, शेवटचं जवळजवळ स्वच्छ. रक्त जितकं निघेल तितका रस नितळ होतो आणि उग्रपणा जातो.

सकाळी मोठ्या पातेल्यात मांस, ते बुडेल इतकं थंड पाणी, मोठा गॅस. उकळी आली की करडा फेस वर येतो. पाच मिनिटं उकळू द्या आणि हे सगळं पाणी ओतून टाका. हो, सगळं. मांस नळाखाली धुवा, पातेलंही घासून घ्या, कारण फेसाची कड तिथे चिकटलेली असते. काही जुन्या बायका पाणी न टाकता झाऱ्याने फेस काढत बसतात. ज्यांना ताजं, घरचं डुक्कर मिळतं त्यांना ते परवडतं. आपण विकत आणलेल्या मांसाला पहिलं पाणी टाकूनच द्यावं.

आता पुन्हा थंड पाणी. तीन किलो मांसाला चार ते साडेचार लिटर, म्हणजे मांसावर तीन-चार बोटं. जास्त घातलंत तर रस पातळ राहतो आणि शेवटी सगळे पुडीकडे धावतात. उकळी फुटायच्या बेतात आली की गॅस सर्वांत बारीक करा, लहान बर्नरवर घ्या. रस खळखळ उकळता कामा नये. पृष्ठभाग थरथरावा, कडेने अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, बस. जोरात उकळलं की चरबीचे सूक्ष्म थेंब रसात मिसळतात आणि तो दुधाळ होतो. तुमच्या कुकरमध्ये नेमकं हेच झालं: शिटी झाली की आतला दाब एकदम उतरतो आणि रस ढवळून निघतो. रशियातही पुष्कळ घरांत कुकर, मल्टिकुकर वापरतात. तुम्हाला वापरायचाच असेल तर दाब आल्यावर शिटी होणार नाही इतक्या बारीक आचेवर दीड-पावणेदोन तास ठेवा आणि झाकण आपोआप उघडेपर्यंत हात लावू नका. थिजेल नक्की. पण पातेल्यातल्या रसाची चव त्याला येत नाही असं माझं मत आहे, आणि वर्षातून एकदा करायचा पदार्थ असेल तर पातेलंच चढवावं.

झाकण किंचित तिरकं. एकूण सहा ते सात तास. कोंबडा अडीच-तीन तासांनी घाला. चार तासांनी एक मोठं गाजर आणि एक अख्खा कांदा: वरची मातकट सालं काढायची, शेवटचं सोनेरी साल ठेवायचं, त्याने रसाला फिकट अंबरी रंग येतो. शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात दहा-बारा मिरे आणि दोन-तीन तमालपत्रं. तमालपत्र आधीपासून उकळलं तर रस कडवटतो. लवंग, दालचिनी, आलं, गरम मसाला ह्यांतलं काहीही नको. मला माहितेय हात शिवशिवतो, पण मांस, लसूण आणि मिरी ह्यांच्या चवीवरच हा पदार्थ उभा आहे. मधे पाणी घालायचं नाही. मांस उघडं पडलंच तर उकळतं पाणी थोडंसं. मीठ शेवटी, कारण रस जवळजवळ निम्म्यावर येतो आणि सुरुवातीला बेताने घातलेलं मीठ अखेरीस खारट होऊन बसतं. मात्र गरम असताना ते किंचित जास्त वाटलं पाहिजे. थंड पदार्थात मीठ बोथट लागतं.

झालं हे कसं ओळखायचं? मांस हाडावरून आपोआप सुटतं, ही अर्धी खूण. उरलेली अर्धी बोटांत आहे. आजी चमच्यातला रस फुंकर मारून अंगठा आणि तर्जनीमध्ये घ्यायच्या, दाबायच्या आणि हळूच उघडायच्या. बोटं एकमेकांना चिकटून सुटताना ओढ लागली की गॅस बंद. ओठांनाही तसंच चिकटतं. तुमचा हात अजून बसलेला नाही, म्हणून आणखी एक खात्री करा: बशीत चार चमचे रस घालून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बशी तिरकी केल्यावर रस जागचा हलला नाही तर चिंता नाही. हलला तर मांस बाहेर काढून फक्त रस आणखी आटवा. अगदीच नाइलाज झाला तर लिटरला १५ ग्रॅम जिलेटिन थंड पाण्यात फुलवून गरम रसात विरघळवा, पण त्यानंतर उकळू नका. आणि जास्त चांगला व्हावा म्हणून बारा-चौदा तास शिजवत ठेवू नका. जिलेटिनही फार वेळ शिजवलं की तुटतं आणि पकड ढिली होते.

मांस झाऱ्याने परातीत काढा, हाताला सोसेल इतकं निवू द्या आणि हातानेच सोडवा. पायांत चिक्कार बारीक हाडं असतात, काही तर वाटाण्याएवढी. प्रत्येक घास बोटांत चोळूनच बाजूला टाकायचा. मिक्सर अजिबात नको, त्यात लगदा होतो. मांसाच्या रेषा दिसल्या पाहिजेत. कातडी टाकू नका, ती सुरीने अगदी बारीक चिरून मांसात मिसळा. पकड आणि मऊपणा दोन्ही तीच देते. सात-आठ पाकळ्या लसूण बारीक चिरून ह्या कोमट मांसातच कालवा. उकळत्या रसात टाकला तर त्याचा तिखट ताजेपणा जातो. रसावरची चरबी पळीने काढून घ्या, रस दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा. थोडा धुरकट असला तरी तो घरचाच आहे, अंड्याचा पांढरा बलक घालून नितळ करण्याच्या भानगडीत पडू नका.

पसरट, तीन-चार बोटं उंचीच्या डब्यात किंवा काचेच्या ट्रेमध्ये मांस पसरा, वरून रस ओता, हलकेच एकदा ढवळा. रशियात ट्रे सरळ बाल्कनीत जातो, बाहेर उणे दहा असतं. आपल्याकडे तसं करून चालणार नाही. मांसाचा रस आणि जिलेटिन हे जंतूंचं आवडतं खाद्य आहे. एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळांत जंतू वाढवायला हेच मिश्रण वापरत. ट्रे थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर कोमट करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. फ्रीझर मात्र नको, बर्फाचे कण जिलेटिनची जाळी फाडतात आणि नंतर पाणी सुटतं. रात्रभरात घट्ट होतो, तीन दिवस चांगला राहतो.

आता चायना ग्रास. तो थिजवेल, पण खलाद्येत्स होणार नाही. जिलेटिन साधारण ३० ते ३५ अंशांना वितळतं, म्हणून घास जिभेवर ठेवताच विरघळतो आणि आत दडलेलं मांस आणि लसूण एकदम पुढे येतात. चायना ग्रास ८५ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे तोंडात तो तसाच राहतो आणि चावावा लागतो. ह्याच कारणामुळे तुमच्या वड्यांना टेबलावर पाणी सुटलं. पंख्याखालच्या उबेत जिलेटिन तग धरत नाही. ह्याला उपाय एकच: सगळे ताटावर बसले की मगच फ्रिजमधून काढायचा, चौकोन कापायचे, थंड केलेल्या ताटल्यांत वाढायचा. एप्रिल-मेमध्ये करू नका.

कोंबडीचा नक्की होतो आणि छान होतो. एक गावठी कोंबडा आणि अर्धा किलो कोंबडीचे पाय, नखं छाटून आणि उकळत्या पाण्यात बुडवून पिवळी साल सोललेले. अडीच लिटर पाणी, चार तास. बाकी सगळं वरच्यासारखंच. मटणाच्या पायांचा मात्र करू नका. रश्शाला ते राजे आहेत, पण बकऱ्याची चरबी थंड झाली की टाळूला मेणचट चिकटते आणि हा पदार्थ तर थंडच खायचा असतो.

शेवटचं, पण माझ्या लेखी निम्मा खलाद्येत्स: सोबतची मोहरी. तिथे किसलेलं ख्रेन म्हणजे हॉर्सरॅडिशचं तिखट मूळ किंवा झणझणीत मोहरी असते. काहीजण ख्रेनऐवजी शेवग्याचं मूळ सुचवतील. त्याच्या सालीत विषारी द्रव्यं असतात, त्या वाटेला जाऊ नका. मोहरीच करा. व्होल्गाकाठचं सारेप्ता हे रशियन मोहरीचं माहेर (१७६५ साली वसलेलं गाव, आता व्होल्गोग्राडचा भाग), आणि तिथली मोहरी आपल्या फोडणीच्या मोहरीच्याच जातीची आहे. लोणच्याला मोहरी फेसणारं घर असेल तर तुम्हाला काही शिकवायला नको. चार चमचे मोहरीची पूड, कोमट पाणी (उकळतं घातलं तर तिखटपणा तयारच होत नाही), नाकात झिणझिण्या येईपर्यंत फेसा. चिमूटभर मीठ, अर्धा चमचा साखर, आणि ती नीट चढल्यावरच चमचाभर व्हिनेगर आणि थोडं तेल. झाकून रात्रभर ठेवा, कडवटपणा उतरतो. सोबत राईचा काळा पाव मिळाला तर उत्तम, नाहीतर गव्हाचा जाड पाव भाजून, आणि खारवलेली काकडी. बाजूला ऑलिव्हिए सॅलड (आपण ज्याला रशियन सॅलड म्हणतो ते) आणि संत्री ठेवलीत तर मुलांना तिथलं नववर्षाचं टेबल पुरतं भेटेल.

मित्रांपैकी कोणी रशियन ऑर्थोडॉक्स असेल आणि उपास पाळत असेल तर आधी विचारून घ्या. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो आणि त्याआधीचे चाळीस दिवस मांस वर्ज्य, त्यात थर्टी-फर्स्टही येतो. अशा घरांत खलाद्येत्स नाताळालाच कापतात. बाकीच्यांसाठी २९ च्या रात्री पाये भिजत घाला, ३० ला सकाळी आठपर्यंत पातेलं चढवा, दुपारी मोहरी फेसून ठेवा. संध्याकाळी मांस सोडवायला मुलाला शेजारी बसवा, ते काम दोघांचं आहे. रस पातळ वाटला तर इथेच लिहा, ३० ला मी घरीच आहे.