कागद आधी वाच, झेंडा नंतर बघू

पोरी,

रविवारी तू येऊन गेलीस त्यानंतर दोन रात्री मला नीट झोप नाही. चहा अर्धा ठेवून तू म्हणालीस, "काका, तिघांनी बोलावलंय, कुणाकडं जाऊ कळेना झालंय", आणि मी फटकन विचारलं की कानडी वाचता येतं काय, ऑफिसचं कानडी, बाजारातलं नव्हे. तुझा चेहरा पडला. बोलायचं मला तेच होतं पण तसं बोलायचं नव्हतं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय, मोबाईलवर टाइप करतोय तर चुका असतील त्या सांभाळून घे.

एक राष्ट्रीय पक्ष तालुक्याचं युवा पद देतोय, महाराष्ट्र एकीकरण समितीची, म्हणजे आपला बेळगावचा मराठी भाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या समितीची, पोरं म्हणतात घरचं सोडून बाहेर का, आणि तिसऱ्यांचं ते फाउंडेशन, हळदीकुंकू आणि शिलाई मशीन वाटप. तिघांनी तुला झेंडा दाखवला, फ्लेक्सवर फोटो कुठं येणार ते सांगितलं. विधानसभेत एका प्रश्नाला सरकार काय उत्तर देतं तो कागद तू कधी वाचलास काय, असं त्यातल्या एकानं तरी विचारलं? आणि आत्ताच सगळ्यांना शिकलेल्या पोरी का हव्यात ते पण समजून घे. २०२३ मध्ये घटनादुरुस्ती झाली, विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना, पण लागू होणार जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. तोवर नावं गोळा करून ठेवायला लागलेत. तू वकिली शिकलीयस, २५ पूर्ण आहेत, मराठा समाजाची आहेस, दिसायला बरी आणि बोलायला धीट, त्यांच्या वहीत तू बसतेस. उद्या सही तुझी आणि कारभार दुसऱ्याचा असं व्हायला नको, ग्रामपंचायतीत आपण हे रोज बघतोय.

आता माझं ऐक. तुला अर्धं माहीत आहे, पुरतं कुणालाच सांगितलेलं नाही.

१९९३ चा पंचायत राज कायदा आला आणि १९९५ ला तालुका पंचायतीची निवडणूक झाली, त्यात मी निवडून आलो. गुलाल, हलगी, खांद्यावरून मिरवणूक. आमच्या गावच्या मराठी शाळेला दोन खोल्या हव्या होत्या, त्या मी यादीत घालून घेतल्या, म्हणजे मला तसं वाटत होतं. सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, कानडीत. कारकुनानं पानं उलटली, बोट ठेवलं, मी सही केली. एक नाही, तीन ठिकाणी. सहा महिन्यांनी कळलं की त्या दोन खोल्या दुसऱ्याच गावाला गेल्या आणि आमच्या गावापुढं "पुढच्या वर्षी विचार" असं लिहिलेलं आहे, खाली माझी सही. मी मोर्चा नेला, ऑफिससमोर घोषणा दिल्या, साहेबानं शांतपणे प्रोसिडिंग पुढं सरकवलं आणि म्हणाला तुमचीच सही आहे ना. चार वर्षं तिसरी-चौथीची पोरं मारुतीच्या देवळात बसली. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पोती घालून. त्यातली काही आता चाळिशीला आलीत, रस्त्यात भेटली की नमस्कार करतात आणि मी मान खाली घालतो.

म्हणून सांगतो, कागद वाच.

तू विचारशील की मग वेळेत शिकला का नाही. १९८६ ला मी २२ वर्षांचा होतो. कन्नडसक्तीच्या विरोधातलं आंदोलन, गोळीबार, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. १ जूनला त्या गोळीबारात गेलेल्यांच्या हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर मी अजून जातो आणि तिथं उभं राहिल्यावर आजसुद्धा बोलायला येत नाही. ज्या भाषेची सक्ती झाली ती शिकायची नाही, हाच आमचा सत्याग्रह होता. ते चुकलं असं मी म्हणणार नाही, कुणी म्हटलेलं ऐकून पण घेणार नाही. सक्ती तेव्हा चूक होती, आज पण चूक आहे. पण राग वेगळा आणि वाचता न येणं वेगळं हे मला दहा वर्षं कळलं नाही आणि त्याचे पैसे देवळातल्या पोरांनी भरले. चाळिशी उलटल्यावर शिकलो मग, पुतण्याच्या शाळेच्या पुस्तकातून. सुत्तोले म्हणजे सर्क्युलर, नडावळी म्हणजे प्रोसिडिंग, चुक्के गुरुतिन प्रश्ने म्हणजे तारांकित प्रश्न. बाजारात "एष्टु, बेडा", म्हणजे किती, नको, एवढं आपल्याला सगळ्यांना येतं गे, त्यानं कुणी आमदार होत नाही.

हे ऐकून तुला वाटेल काकानं मराठी सोडली. डोक्यातून काढून टाक ते. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाचे नियम, नोटिसा त्यांच्या भाषेत पण द्यायच्या असं फार पूर्वी ठरलेलं आहे, घटनेचा ३५० अ हा अनुच्छेद प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणतो. हे मागायचं कुणाकडं? ज्याच्याकडं मागायचं त्याचा कागद आधी वाचायला येऊ दे, त्यात कुठल्या तारखेला काय नाकारलं ते बोट ठेवून दाखव, मग बघ उत्तर कसं देतात. नुसतं "मराठीत कागद द्या" ओरडून मी बघितलंय, माझा घसा बसला. आणि सभागृहात बोलायचं म्हणशील तर अनुच्छेद २१० वाच, वकील आहेस म्हणून सांगतो. राज्याच्या भाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत नीट मांडता येत नसेल तर अध्यक्ष सदस्याला मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. देऊ शकतात, द्यायलाच पाहिजे असं नाही. दुसऱ्याच्या परवानगीवर तुझं बोलणं अडकून राहू नये एवढंच माझं म्हणणं. मराठीत बोल, जरूर बोल, पण कानडी येत असताना मराठीत बोल.

आमदार म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला विचारलं तर म्हणतात समुदाय भवन देतो, गटार करतो, लग्नाला येतो, मयताला येतो. आमदार निधी वर्षाला २ कोटी. कर्नाटकाचं २०२५-२६ चं बजेट ४ लाख कोटींच्या वर गेलं. त्या २ कोटींच्या फरशीवर नाव कोरायला लोक मरमर मरतात आणि त्या ४ लाख कोटींवर मतदान होतं तेव्हा बाक रिकामे. बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये, म्हणजे विधानसभेच्या इमारतीत, गॅलरीतून मी स्वतः बघितलंय, दुपारनंतर मोजके टाळके, बाकी हॉटेलवर. वर्षाला किमान ६० दिवस कामकाज व्हावं असा कायदा या राज्यानं २००५ मध्ये स्वतःच केला. तू निवडून आलीस तर त्यातला एक दिवस चुकवू नकोस. पाहुण्याचं लग्न असू दे नाहीतर माझं तेरावं.

आणि बसून काय करायचं? प्रश्न टाकायचा. तारांकित टाकलास तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला लेखी उत्तर मिळतं. खानापूर तालुक्यातल्या किती मराठी शाळांत एकच शिक्षक आहे, बळ्ळारी नाल्याच्या पुरात शेतं बुडतात त्याच्या सफाईला किती मंजूर झाले आणि किती खर्च झाले, हलगा-मच्छे बायपासला पिकाऊ जमीन कशी घेतली, हे मंचावर बोललीस की टाळी मिळते आणि संपतं. सभागृहात विचारलंस की सरकारला आकडा लिहून द्यावा लागतो आणि तो आकडा हातात घेऊन शेतकरी कोर्टात उभा राहू शकतो. मंत्री "करतो" म्हणाला तर सरकारी आश्वासनांची समिती असते, तिथं त्या शब्दाचा पाठपुरावा होतो. हे सगळं कागदावर चालतं. कितीदा सांगू.

पक्ष. तू परत परत तेच विचारत होतीस. समितीचे २०१३ ला दोन आमदार आले, बेळगाव दक्षिण आणि खानापूर, २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. गट पडले की काय होतं ते तू डोळ्यांनी बघितलंयस. मी समितीचाच, तिच्या महामेळाव्याला जातो, पुढं पण जाईन, पण तुला गळ घालणार नाही. राष्ट्रीय पक्षात गेलीस तर व्हिप, म्हणजे सभागृहात पक्षाचा आदेश, पाळावा लागेल हे लक्षात ठेव. २०१९ ला राज्यातले १७ आमदार अपात्र ठरले, त्यात आपल्या जिल्ह्यातले तिघं होते, गोकाक, अथणी, कागवाड. पोटनिवडणुकीत तिन्ही परत निवडून आले, आता पलीकडच्या पक्षातून. लोकांनी माफ केलं की विसरले मला माहीत नाही. पण जिथं जाशील तिथं पहिल्या दिवशी विचार, शाळेच्या प्रश्नावर मी सभागृहात बोलले तर थांबवणार काय? थांबवणार म्हणाले तर चप्पल घाल आणि ये.

२००८ चं पण सांगून टाकतो, कारण ते तुझ्या कानावर वेगळ्या रीतीनं गेलं असणार. फेररचनेत उचगाव मतदारसंघ गेला, बेळगाव ग्रामीण झाला, मी अर्ज भरला होता आणि माघार घेतली. लोक म्हणाले पाकीट घेतलं. एक रुपया घेतला नाही. आपलेच दोघं उभे राहिलो असतो तर दोघं पडलो असतो म्हणून माघार घेतली, आणि तेव्हा मला नुकतं कुठं अक्षर लावून वाचता यायला लागलं होतं, परत कुणाच्या बोटावर सही करायची माझी तयारी नव्हती. आज पण तसाच वागलो असतो. घरच्यांना सुद्धा हे पटलेलं नाही, राहू दे.

खर्चाचं तुझ्या वडिलांनी विचारलं होतं. मर्यादा ४० लाख आहे, डिपॉझिट १० हजार. प्रत्यक्षात काय चालतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जमीन विकायची नाही, गुंठाभर पण नाही. विकून उभी राहणार असशील तर माझ्याकडं येऊ नकोस.

गुरुवारी संध्याकाळी ये. १९९६ च्या त्या प्रोसिडिंगची नक्कल मी अर्ज करून मिळवली होती, कपाटात आहे, सात पानं. वही-पेन आण आणि मला पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखव, अडलीस तिथं थांबू, कितीही रात्र झाली तरी चालेल, काकू जेवायला करणार आहे. पाचव्या पानावर माझी सही आहे, तिथवर पोचलीस की मग पक्षाचं बोलू.

तुझा
काका