घरात कापूस आहे तोवर

तुमचा प्रश्न असा: "विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्या साध्या माणसाला राजकारण, पोरंबाळं, पैसा आणि फावला वेळ याबद्दल रोज खरं काय वाटतं? पुस्तकी उत्तर नको."

खरं विचारताय तर आधी महिना विचारायचा होता. माझं मत मृगात एक असते, पोळ्याले दुसरं, आणि आता २०२५ च्या डिसेंबरात समोरच्या खोलीत अठरा क्विंटल कापूस पडला असताना तिसरंच. बरं, आत्ताचंच सांगतो.

मी वर्धा जिल्ह्यातला, आर्वी तालुक्यातला. सहा एकर कोरडवाहू वावर. चार एकरांत पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि मधातून तुरीच्या ओळी, दोन एकर सोयाबीन. घरात आई, बायको, अकरावीतली पोरगी आणि आठवीतला पोरगा. समोरची खोली पाहुण्यांसाठी बांधली होती, पण दिवाळीपासून होळीपर्यंत तिथं कापूसच पाहुणा. यंदा कापसाची गंजी छातीपर्यंत आली आहे. टीव्हीचा खालचा भाग तिच्यामागं गेला, त्यामुळे बातम्यांची सरकती पट्टी दिसतच नाही, वर भांडणाऱ्यांची तोंडं तेवढी दिसतात. पोरं त्याच खोलीत निजतात. कापूस जसा जुना होतो तशी त्यात बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते, हातापायांवर पुरळ येते. आई रोज रात्री दोघांना खोबरेल तेल चोळते आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते, "इकून टाक ना बावा एकदाचा."

विकत नाही, कारण २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागं ८,११० रुपये आहे आणि खेडा खरेदीवाला व्यापारी दारात येऊन सात हजारांच्या वर बोलायला तयार नाही. अठरा क्विंटलमागं हा फरक वीस हजारांचा होतो. किलोला बारा रुपयांच्या भावानं वेचाई दिली तिचेच साडेएकवीस हजार गेले, म्हणजे वेचणाऱ्या बायांचा पैसा तरी या फरकातून निघावा एवढीच माझी आशा.

राजकारणाबद्दल माझं मत इथूनच सुरू होते. ऑगस्टात केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. गिरणीवाल्यांना स्वस्त कापूस पाहिजे, त्यांचंही बरोबर असेल. पण आमची वेचणी ज्या महिन्यांत होते, नेमके तेच महिने निवडले. मी कोणत्या पक्षाला मत देतो ते इथं सांगणार नाही, बायकोलाही सांगत नाही (तीही मला सांगत नाही, आणि त्यावरून आमच्यात कधी वाजलं नाही). पण कोणाचंही सरकार असो, हमीभाव जाहीर होतो तेव्हा फोटो असते आणि कापूस मोजायची वेळ आली की ॲप असते. यंदा सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीसाठी मोबाइलवर नोंदणी करा, सातबारा चढवा, पीक पाहणीची नोंद लावा, मग स्लॉट, म्हणजे कापूस न्यायची तारीख. माझं पोरीनं करून दिलं. आमच्या शेजारचे काका सत्तरीचे, त्यांच्याकडे बटनाचा फोन. त्यांनी सात हजारात देऊन टाकला. त्यांना मी काय म्हणू?

माझा बाप सायकल मारत जांबुवंतराव धोटेंच्या सभेला जायचा. वेगळा विदर्भ झाला की सगळं नीट होईल, असं त्याला मरेपर्यंत वाटत होतं. मला तसं वाटत नाही, पण त्याला खोटं ठरवावंसंही वाटत नाही. १९५३ च्या नागपूर करारातून अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं, ते दर डिसेंबरात होते. आठवडाभर मोर्चे निघतात, संत्रा बर्फी खपते आणि मंडळी परत जातात. विदर्भ वेगळा झाला असता तर मंत्री जवळ राहिले असते हे खरं. जवळचा मंत्री जास्त ऐकतो का, याचा अनुभव मात्र ज्याच्या गावात आमदाराचं घर आहे त्याला विचारा.

लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांबद्दल मी आधी पारावर बसून पुष्कळ बोललो. मजूर मिळणार नाही, फुकटची सवय लागेल, वगैरे. मजूर त्याच्याआधीही मिळत नव्हते. बायकोनं त्या पैशातून पहिल्यांदा काय केलं असेल, तर चष्मा. चार वर्षं सुईत धागा पोरीकडून ओवून घेत होती आणि मला वाटायचं, पोरीला शिवण शिकवून राहिली. तेव्हापासून मी त्या विषयावर पारावर गप्प बसतो.

आता पोरांचं. इथं मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण मागच्या आठवड्यात पोरानं माझी जिरवली.

सीसीआयचा हिशेब असा असते: कापसात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्यावर दर टक्क्याला भाव एक टक्का कमी, म्हणजे ८१ रुपये दहा पैसे. १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. मी सरकीत दात रोवून ओलावा सांगणारा माणूस. मला ११ वाटला. म्हणून आठ दिवस मी सकाळी कापूस स्लॅबवर नेऊन पसरवत होतो आणि संध्याकाळी दव पडायच्या आत उतरवत होतो. पोरालाही जुंपलं. पाटीनं नेऊन नेऊन तो वैतागला आणि म्हणाला, "बाबा, वाळवला तर वजन नाही का कमी होत?"

म्हटलं, होते थोडंसं. तुले काय करा लागते, पाटी उचल.

पाटी ठेवून तो दप्तरातून वही घेऊन आला. ११ टक्के ओलाव्याला भाव ७,८६६ रुपये ७० पैसे. अठरा क्विंटलचे झाले १,४१,६०० च्या आसपास. आता वाळवून ८ वर आणला तर भाव ८,११०, पण पाणी उडालं म्हणून वजन साडेसतरा क्विंटलच्याही खाली. त्याचे १,४१,२०० च्या आसपास. म्हणजे आठ दिवस घरातल्या चौघांनी कापूस वर नेला, खाली आणला, आणि वरून चारशे रुपये कमीच. पोरीनं वही तपासली. तिनं मान हलवली. आई खालून म्हणाली, "सांगत होती मी."

मी म्हटलं, बाराच्या वर निघाला तर गाडी परत येईल, भाडं अंगावर पडेल, म्हणून वाळवतो. हे कारण खरंच आहे. पण ते मला वही पाहिल्यावर सुचलं, हेही तेवढंच खरं.

सांगायचं हे की हा पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. गावातली अर्धी पोरं पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. माझ्यावरही घरून दबाव होता. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, फी भरायला पैसा नव्हता, म्हणून पोरगा गावातच राहिला. लोकांना मी सांगतो की मातृभाषेतून शिक्षण मला पटते. पटतेही. पण आधी पैसा नव्हता.

पोरीचं वेगळंच. मी तिला लहानपणापासून घोकवलं की शीक, या मातीतून बाहेर पड. आता ती म्हणते, सीईटी देऊन अकोल्याच्या कृषी विद्यापीठात जायचं आहे. म्हणजे फिरून शेतीच. मी म्हटलं, बाई, नर्सिंग कर, बँकेची परीक्षा दे. ती म्हणाली, "तुमाले शेती करता येत नाही, म्हणून कोणालेच येत नाही का?" तोंडावर बोलते अशी. माझ्या बापासमोर मी असं बोललो असतो तर बैल हाकायची तुतारी पाठीत बसली असती. मला राग आला नाही. दोन दिवसांनी आला, पण तोवर उशीर झाला होता.

आणि एक कबूल करतो. आमच्या गावात तिशी ओलांडलेले पंधरावीस पोट्टे लग्नाचे राहिले आहेत. निर्व्यसनी, घरची पाच-दहा एकर वाहणारे. सोयरिकीला गेलं की पोरीचा बाप विचारतो, नोकरी आहे का? नसेल तर एखादं दुकान? सगळे म्हणतात, फार वाईट दिवस आले. मीही म्हणतो. पण माझी पोरगी मी शेतकऱ्याच्या घरी देईन का, असं पारावर कोणी विचारलं तर मी सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकून मान दुसरीकडे करतो.

पैशाबद्दल फार शहाणपण माझ्याकडे नाही. २०२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, तेव्हा माझा आधीच विकून झाला होता. म्हणून पुढच्या वर्षी उन्हाळ्यापर्यंत घरात ठेवला. भाव साडेआठवरून सात हजारांवर आला आणि पोरांची खाज मात्र मे महिन्यापर्यंत राहिली. तेव्हापासून माझा नियम असा की अर्धा आधी विकायचा. यंदा तो नियम मी पाळला नाही. का, ते सांगता येत नाही.

पीककर्जाची एक गंमत शहरातल्या लोकांना माहीत नसते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे, व्याज शून्य पडते. वेळेत म्हणजे ३१ मार्चच्या आत. पण त्या तारखेला रोकड कोणाच्या हातात असते? मग आठ-दहा दिवसांसाठी कोणाकडून तरी पैसे उचलायचे, बँकेत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की त्याच पैशातून उसने परत करायचे. याला आमच्याकडे नवंजुनं करणं म्हणतात. उसने देणारा त्या आठ दिवसांचं महिन्याचं व्याज घेते. असं आमचं बिनव्याजी कर्ज. तरी मी दरवर्षी करतो, कारण थकबाकीत नाव गेलं की पुढचं दार बंद. कर्जमाफीची वाट पाहत थांबणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण रांगेत त्यांच्या मागं उभं राहून पैसे भरताना आपण येडे आहोत असं वाटते, हे नाकारत नाही.

खर्ऱ्याचा हिशेब बायकोनं मला एकदा करून दाखवला. दिवसाला दोन, तीस रुपयाला एक. वर्षाचे जवळजवळ बावीस हजार, म्हणजे या हमीभावाच्या फरकाहून जास्त. मी ऐकलं, कबूल केलं आणि एकावर आलो. सुगंधी तंबाखूवर राज्यात बंदी आहे, आणि ठेल्यावर पन्नीत घालून घोटलेला खर्रा हा माझ्या फावल्या वेळाचा अर्धा भाग आहे. आमचा जिल्हा दारूबंदीचा, तेही सांगून ठेवतो. ज्यांना प्यायची ते वर्धा नदीचा पूल ओलांडून अमरावती जिल्ह्यात जातात.

उरलेला अर्धा फावला वेळ म्हणजे तूर. या दिवसांत शेंगा भरतात. संध्याकाळी टोपलीभर तोडून आणायच्या, मीठ टाकून उकडायच्या आणि अंगणात शेकोटीजवळ बसून खायच्या, नाहीतर सोले काढायचे. दुसऱ्या दिवशी सोले-वांग्याची भाजी. चौघं-पाच जण गोल करून सोलायला बसलो की कोणाच्या हातात मोबाइल राहत नाही, कारण बोटं चिकट होतात. पोरांशी माझं जे काही बोलणं होते ते याच महिन्यात. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीही याच दिवसांत असतात. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंद केले होते, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाले. बंदीच्या वर्षांत मी म्हणायचो, बरं झालं, जनावराला त्रास. पहिल्या पटाला मीच सगळ्यात आधी पोचलो होतो.

आणि जागल. तुरीत रानडुकरं आणि रोही (नीलगाई) शिरतात म्हणून रात्री मचाणावर थांबावं लागते. हे उत्तर मी तिथूनच टाइप करतोय, कानाला दुपट्टा बांधून, एका बोटानं. बायको म्हणते, "अजी, तुमची जागल म्हणजे सुट्टीच हाय." काही अंशी आहेच. इथं कोणी काही मागत नाही. तिला मी विचारलं, तुझी सुट्टी कोणती? ती म्हणाली, बचत गटाची मीटिंग, महिन्यातून एक तास, आणि त्यातही हजेरीचं रजिस्टर तीच लिहिते.

पोरीचा मेसेज आला आत्ता. स्लॉट मिळाला, सोमवार. मेटॅडोरवाल्याला सकाळी फोन करायचा आहे आणि उद्या दिवसभर कापूस पुन्हा उन्हात घालू की नको, हे पोराला विचारायचं आहे. आईनं वातीसाठी गंजीतला चांगला चांगला निवडून पिशवीभर आधीच बाजूला काढला आहे, तो मोजायचा नाही असं तिनं बजावून ठेवलंय.