रिमोट, घड्याळ, माऊस यांतल्या सेलमध्ये किती जीव उरलाय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मल्टीमीटरवर सेल १.४ व्होल्ट दाखवतो, तरी टॉर्च मिणमिणतो, मग मीटर बिघडलाय का? मीटर ठीक आहे. तुम्ही सेल नुसता हातात धरून मोजलात, तिथे गडबड झाली.

नवा अल्कलाइन सेल १.६ च्या आसपास दाखवतो. वापरून दमलेला सेलही, त्याच्याकडून काही काम घेतलं नाही तर, बऱ्यापैकी आकडा देतो. जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो, त्यामुळे करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून सेल टॉर्चमध्येच ठेवा, टॉर्च चालू करा आणि मीटरच्या पिना सेलच्या दोन टोकांना लावा. माझ्याकडे असाच १.४ वाला सेल होता, बटण दाबलं आणि आकडा १.०५ वर आला. टॉर्चला तो निरुपयोगी, पण भिंतीवरच्या घड्याळात अजून कितीतरी दिवस निघतील, कारण घड्याळ अगदी थोडा करंट घेतं. दोन-तीन सेल असतील तर प्रत्येक वेगळा मोजा, बऱ्याचदा एकच बसलेला असतो. आणि मीटर डीसी व्होल्टवरच ठेवा. अँपिअरवर ठेवून सेलला लावलात तर तो थेट शॉर्ट होतो.

घड्याळाला तर मीटरही नको. सेल उतरला की सेकंदकाटा नऊच्या आसपास जागच्या जागी थडथडतो. सहाकडून बाराकडे चढताना काटा तिथे आडवा असतो, त्याचं वजन उचलायला सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो.

रिमोटचं बटण दाबून पुढचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट लुकलुकताना दिसेल. काही मोबाइलचा मागचा कॅमेरा हा प्रकाश गाळतो, मग सेल्फीचा वापरा. अगदी मंद दिसला तर सेल बदला.

सेल टेबलावर उभा आपटायचा, उसळला तर संपला, ही युक्ती तुम्हीही ऐकली असेल. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ती तपासली. आतल्या जस्ताचं ऑक्साइड होत जातं तशी उसळी वाढते हे खरं, पण साधारण अर्धा चार्ज शिल्लक असतानाच ती वाढायची थांबते. म्हणजे उसळलेला सेल नवा नाही एवढंच कळतं. मी स्वतः या नादात बरेच चांगले सेल टाकून दिलेत.

माऊसमध्ये रिचार्जेबल सेल घातलेत आणि तो लगेच ‘बॅटरी लो’ ओरडतोय, हेही साहजिक आहे. निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच रेंगाळतो. १.५ गृहीत धरणाऱ्या माऊसला तो पहिल्यापासूनच अर्धमेला वाटतो. माऊस चालतोय तोवर त्या सूचनेकडे दुर्लक्ष करा.

मोबाइलचे टक्के हा अंदाज असतो: व्होल्टेज किती आणि आत-बाहेर करंट किती गेला, यावरून बांधलेला. बॅटरी जुनी झाली की तो चुकायला लागतो, म्हणून तुमचा फोन १८ टक्क्यांवर अचानक बंद पडतो. सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ असेल तर तो आकडा पाहा. ८० च्या खाली गेला असेल तर बॅटरी बदलायची वेळ झालीय.