जुना पोशाख स्वतः शिवून काय कळतं?

संग्रहालयात जुने पोशाख पाहता येतात, फोटोही मिळतात, मग स्वतः शिवत बसून जास्तीचं काय कळतं, असं तुम्ही विचारलंय. मला बगल कळली.

थट्टा नाही. मी सोलापूरचा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला पांढरीशुभ्र बाराबंदी, म्हणजे बटणांऐवजी बंदांनी बांधायचा अंगरखा, घातलेली माणसं लहानपणापासून पाहिली, पण ती बेततात कशी, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. पहिली शिवली ती शर्टाच्या सवयीने. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, गोल कापला, बाही चढवली. दिसायला झकास! अंगात घालून हात वर केला, तर अख्खी बाराबंदी बेंबीच्या वर.

दुसऱ्यांदा जुन्या पद्धतीने बेतली. मुंढ्याला गोलाई नाहीच. सगळे तुकडे सरळ कापायचे. आयत तिरका कापला की दोन कळ्या, म्हणजे एका टोकाला निमुळत्या पट्ट्या, निघतात, एक उलटी फिरवून लावायची. आणि बगलेत छोटा चौकोनी तुकडा, चौबगला, कोनावर बसवायचा. तिथे कापड तिरकं पडतं, म्हणून थोडं ताणतं. हात वर गेला की चौबगला उघडतो, बाकीचं अंग जागेवर राहतं. यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याला दुसरं काय हवं? शिवाय हातमागाच्या लहान पन्ह्यात हे तुकडे चपखल बसतात. शर्टासारखी बेतली तेव्हा पिशवीभर चिंध्या उरल्या होत्या, या खेपेला मूठभर.

सिंगरच्या मशीनचं पेटंट १८५१ चं, पोशाख त्याआधीचा. म्हणून सगळं हाताने शिवायचं ठरवलं. धावदोरा भराभर होतो. जीव जातो तो बंदांत. बारा बंद, म्हणजे सहा गाठी, आणि प्रत्येक बंद दुमडून बारीक टाक्यांनी शिवायचा. पण काज करायला नको, आणि पोट सुटलं तर गाठ जरा ढिली बांधायची. हा शोध मला दिवाळीनंतर लागला.

अर्थात सगळंच सुईला कळत नाही. मुघल काळात हिंदू जाम्याचे, म्हणजे लांब घेरदार अंगरख्याचे, बंद डावीकडे बांधत आणि मुसलमान उजवीकडे, हे कितीही टाके घातले तरी समजणार नाही. त्यासाठी त्या काळची चित्रंच पाहावी लागतात.

करून पाहणार असाल तर साधा मांजरपाट घ्या आणि बेतण्याआधी धुऊन आटवून घ्या. मी तो आटवला नव्हता. एवढ्या कष्टाची ती दुसरी बाराबंदी आता पुतण्याला होते.